कामकऱ्याची कल्पकता



जालन्याविषयी मराठवाड्यात एक जुनी म्हण प्रचारात आहे : 'जालना, सोने का पालना'. कुंडलिकेच्या काठचे हे गाव निजामाच्या राज्यात होते, तेव्हापासून तेथील बाजारपेठेचा लौकिक या म्हणीत साठविलेला आहे. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज या गावाचे नाव निघाले की पोलाद, मोसंबी आणि बियाणे या तीन वस्तू डोळ्यांपुढे उभ्या राहतात. त्यांपैकी बियाण्याच्या धंद्याकडे आज थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. कामाच्या ठिकाणी माणसाची कल्पकता कशामुळे जागी होते, कशाने वाढते आणि कोणत्या कारणांनी मरते, हा प्रस्तुत भाषणाचा विषय होय. आणि त्या विषयाचा पाठ घेण्यास बियाण्याच्या शेताइतकी चांगली शाळा क्वचितच सापडेल.

कल्पकता म्हटली की कवी आठवतो, चित्रकार आठवतो, फार तर एखादा मोठा शास्त्रज्ञ आठवतो. कचेरीतला कारकून, यंत्रावरचा कामगार किंवा शेतातली मजूर बाई यांच्या ठिकाणीही ती असू शकेल, असे सुशिक्षित माणसाच्याही मनात सहसा येत नाही. त्यांनी सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे करावे आणि विचार करण्याचे काम वरिष्ठांकडे ठेवावे, अशी एक अलिखित वाटणी आपल्या समाजात फार दिवसांची आहे. या वाटणीने हाताचे नुकसान झाले आणि डोक्याचेही झाले.

पश्चिमेकडे या वाटणीतला तोटा काही कारखानदारांच्या लवकर ध्यानात आला. स्कॉटलंडमधील डम्बार्टन येथे विल्यम डेनी यांचा जहाजे बांधण्याचा कारखाना होता. तेथे १८८० साली, जो कामगार काम सुधारण्याची एखादी युक्ती काढील त्याला बक्षीस देण्याची योजना सुरू झाली. अमेरिकेत छायाचित्रणाचे साहित्य करणाऱ्या कोडॅक कारखान्याने १८९८ साली कामगारांच्या सूचनांसाठी अशीच व्यवस्था केली. तेथील पहिले बक्षीस दोन डॉलरचे होते, आणि ते ज्या सूचनेला मिळाले ती ऐकून कोणासही हसू येईल. कारखान्याच्या खिडक्या धुवून काढल्या तर कामाच्या जागी उजेड चांगला येईल, एवढेच त्या कामगाराचे म्हणणे होते. त्यात विद्वत्ता नाही, नवे यंत्र नाही. परंतु मळक्या काचेमागे बसून डोळे ताणणाऱ्यालाच ती गोष्ट दिसली. वरच्या मजल्यावरील व्यवस्थापकाला दिसली नव्हती. कामाच्या ठिकाणची कल्पकता बहुधा या जातीची असते. रोज जो दगड पायाला लागतो, तो बाजूला कसा काढावा हे त्या पायाच्या मालकालाच सुचते.

आता जालन्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म १९३० साली हिंगोली येथे झाला आणि त्यांची कर्मभूमी जालना ही ठरली. तरुणपणी त्यांनी निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात भाग घेतला. १९५९ साली दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले होते. तेथून त्यांनी 'पुसा सावनी' या भेंडीच्या सुधारलेल्या वाणाचे थोडेसे बियाणे मिळविले. भेंडीची पाने पिवळी पाडणारा केवडा रोग त्या काळी शेतकऱ्यास हैराण करीत असे. हे नवे वाण त्या रोगापुढे टिकाव धरीत होते. बारवाले यांनी ते आपल्या शेतात लावले. आता ती भेंडी बाजारात विकून मोकळे होणे हा सरळ व्यवहार झाला असता. त्यांनी मात्र असा विचार केला की, भेंडी एका घरची भाजी करील, पण तिचे बी शंभर शेतकऱ्यांचे पीक सुधारील. या एका विचारातून त्यांचा बियाण्याचा धंदा उभा राहिला. १९६४ साली जालन्यास महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन झाली. आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, राष्ट्रीय बीज निगम अस्तित्वात आले होते, आणि १९६४ मध्येच संकरित ज्वारीचे 'सीएसएच-१' हे पहिले वाण देशात प्रसृत झाले. काळ अनुकूल होता हे खरे. परंतु अनुकूल काळ पुष्कळांच्या दारावरून जातो, आणि दार उघडे ठेवणारे थोडेच असतात. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. २०१७ साली ते निवर्तले. पुढे कलश, बेजो शीतल, कृषिधन अशा बियाण्याच्या इतर संस्थाही याच जालन्यात नावारूपास आल्या.

एका कर्त्या पुरुषाचे चरित्र सांगून थांबण्याचा मोह अशा ठिकाणी होतो. पण तसे केल्यास अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. संकरित बियाणे एका माणसाच्या डोक्यातून निघत नाही. ते हजारो लहान शेतकऱ्यांच्या वावरांत तयार होते. कंपनी मूळ वाण पुरविते, शेतकरी आपल्या जमिनीत बीजोत्पादन करून देतो, आणि शुद्ध उतरलेल्या मालास बाजारातील साध्या धान्याहून अधिक भाव मिळतो. म्हणजे या धंद्याचा खरा कारखाना उघड्या आभाळाखाली असतो, आणि त्यात काम करणारे हात एका छपराखाली कधीच गोळा होत नाहीत. प्रत्येक झाडामागे देखरेखीला माणूस उभा करणे तेथे शक्य नाही. म्हणून त्या हातांना कामाचे कारण समजावून सांगितल्यावाचून गत्यंतर नसते.

कापसाचे उदाहरण पाहावे. संकरित कापूस व्यापारी प्रमाणावर प्रथम भारतात पिकला. गुजरातमध्ये सुरत येथील संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी सिद्ध केलेले 'एच-४' हे त्याचे पहिले वाण १९७० साली बाहेर पडले. जगातील इतर देशांना जे जमले नाही ते येथे का जमले, याचे उत्तर हातांच्या कामात आहे. दुसऱ्या दिवशी जी कळी उमलणार, ती आदल्या दिवशी दुपारनंतर ओळखून काढावी लागते. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्यांचे वेष्टन पुंकेसरांसह अलगद उतरवावे लागते. आतल्या स्त्रीकेसरास ओरखडाही चालत नाही. मग त्या कळीवर खूण करून ती झाकावयाची. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, नर वाणाचे फूल आणून त्याचे पराग तिच्यावर लावावयाचे. असे रोज शेकडो कळ्यांचे, आणि कित्येक आठवडे. एखादी कळी नजरेतून निसटली तर तिचे बोंड स्वतःच्याच परागाने भरते आणि बियाण्यात भेसळ होते.

ज्वारीची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. तेथे नर वाण आणि मादी वाण यांच्या ओळी शेजारी शेजारी पेरतात. दोन्ही एकाच सुमारास फुलोऱ्यात आले तरच कणीस भरते. एक वाण उशिरा फुलणारे असेल तर त्याची पेरणी काही दिवस आधी करावी लागते. तरीही पाऊस लांबला, थंडी पडली, जमीन हलकी निघाली, की कागदावरचा हिशेब चुकतो. मग कोणत्या ओळीला पाणी द्यावयाचे आणि कोणत्या ओळीचे तोडावयाचे, हे शेतात उभे राहूनच ठरवावे लागते. ज्या शेतकऱ्याला केवळ "अमुक तारखेला पेरा" एवढेच सांगितले असेल, तो अशा वेळी हात जोडून बसतो. ज्याला "दोघांची फुले एकत्र आली पाहिजेत" हे कारण सांगितले असेल, तो उपाय शोधतो. हुकूम तोच, शेत तेच, माणूसही तोच. अंतर पडते ते कारण सांगण्या न सांगण्याने.

कामाच्या ठिकाणी कल्पकता वाढवावयाची असेल तर पहिली गोष्ट हीच होय. काम देताना कामाचे कारणही द्यावे. कारण हातात असले म्हणजे अडचण आली तरी माणूस थबकत नाही, वाट काढतो. कारण दिले नाही तर तो आज्ञेचा शब्द पाळतो आणि काम बिघडते. आणि गंमत अशी की, त्याला दोषही देता येत नाही.

येथे एका कटू गोष्टीचा उल्लेख टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कापसाच्या बीजोत्पादनात लहान मुलांना, विशेषतः मुलींना, कामाला लावण्याची रीत देशातील काही भागांत पडली होती. आंध्र प्रदेशातील शेतांसंबंधी ही गोष्ट २००० सालच्या सुमारास चव्हाट्यावर आली आणि तिच्यावर योग्य ती टीकाही झाली. मुलांची बोटे नाजूक असतात, ती कळीला इजा करीत नाहीत, असे समर्थन त्या वेळी पुढे करण्यात येई. खरे कारण असे की, ती बोटे स्वस्त होती आणि त्यांच्या मालकिणी प्रश्न विचारीत नव्हत्या. ज्या धंद्यास माणसाची केवळ बोटे हवी असतात, बाकीचा माणूस नको असतो, तो धंदा नवीन बियाणे काढीत असला तरी मनाने जुनाच राहतो. वहीत बसवावयाच्या वयाच्या मुलीला वावरात बसविणे म्हणजे उद्याची कल्पकता आजच खुडून टाकणे होय. नवनिर्मितीची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब नजरेसमोर ठेवावा.

याच्या अगदी उलट उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी मुंबईस एका यंत्रशिक्षणसंस्थेत नोकरी केली होती. तेथे हक्काची बढती आपल्याला डावलून दुसऱ्यास दिली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावची वाट धरली. नोकरीत बुद्धीची कदर न होणे म्हणजे काय, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होते. पुढे औंध संस्थानच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असा समज त्या वेळी शेतकऱ्यांत होता. तो दूर करून नांगर खपविणे ही एक लढाई होती. त्या लढाईसाठी लक्ष्मणरावांनी निवडलेली माणसे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे यंत्रज्ञ म्हणून पुढे आले. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवर लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा सोपविला आणि तो विश्वास वाया गेला नाही. माणसाच्या हातात दाखला कोणता आहे यापेक्षा त्याच्या हातून काय होऊ शकेल, याकडे त्यांची दृष्टी होती. कल्पकतेला लागणारी दुसरी गोष्ट ती हीच. माणसावर आधी विश्वास टाकावा लागतो. त्याची योग्यता बहुधा त्या विश्वासामागून येते.

तिसरी गोष्ट चुकीसंबंधी आहे. बियाण्याच्या शेतात भेसळ झाड दिसले की ते फुलण्यापूर्वी उपटावे लागते. ते ज्याने पेरले, किंवा ज्याच्या दुर्लक्षाने राहिले, त्याने आपण होऊन दाखविले तर एक झाड जाते; भीतीने लपविले तर सबंध शेताचा माल नापास होतो. कचेरीत आणि कारखान्यात याहून निराळे काही घडत नाही. चूक सांगणाऱ्यास जेथे पहिला फटका बसतो, तेथे चुका कमी होत नाहीत, त्या फक्त झाकल्या जातात. आणि जेथे चूक झाकण्याची सवय जडते, तेथे नवा प्रयोग करावयास कोणी धजत नाही, कारण पहिल्या प्रयत्नात चुकणार नाही असा प्रयोग असत नाही.

चौथी गोष्ट उत्तरासंबंधी. हल्ली पुष्कळ ठिकाणी सूचनांची पेटी टांगलेली असते. तिला कुलूप असते, त्या कुलपाला किल्लीही असते. पण पेटीत पडलेल्या चिठ्ठीला उत्तर मिळत नाही. दोन चिठ्ठ्या अशा गेल्या की तिसरी कोणी लिहीत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे कनिष्ठाची युक्ती वरिष्ठाने आपल्या नावावर खपविणे. त्याने त्या दिवसापुरते वरिष्ठाचे कौतुक होते आणि त्या खात्यातील झरा कायमचा आटतो. सूचना पसंत पडली तर ज्याची त्याच्या नावाने सांगावी. पसंत न पडली तर का पडली नाही ते सांगावे. कारणासह मिळालेला नकार माणूस सहज सोसतो. मौन मात्र सोसत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. प्रत्येकजण आपली युक्ती लढवू लागला तर शिस्त ती काय राहणार? लेखनिकाने नमुना बदलला, फोरमनने माप बदलले, तर काम रसातळाला जाईल. या आक्षेपाचे उत्तरही बियाण्याच्या शेतातच आहे. संकरित ज्वारीचे प्रमाणित बियाणे घ्यावयाचे तर दुसऱ्या ज्वारीपासून निदान २०० मीटर अंतर राखावे लागते. हा नियम मोडण्याची मुभा कोणालाही नाही, कारण वाऱ्यावर येणारा पराग कोणाची कल्पकता जाणत नाही. तेव्हा काही नियम पक्के असतात. ते का पक्के आहेत हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणजे झाले. उरलेल्या बाबतीत शहाणा शेतकरी सगळे वावर पणाला लावीत नाही. तो बांधाकडच्या चार सऱ्या नव्या रीतीसाठी ठेवतो, शेजारी जुनी रीत ठेवतो, आणि हंगामाअखेर दोन्ही ढीग मोजतो. प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कारखान्यात, अशा चार सऱ्या राखून ठेवाव्यात. आठवड्यातले दोन तास असोत, एखादे टेबल असो, थोडीशी रक्कम असो. तेथे प्रयोग करावा, फसला तर हसावे आणि साधला तर मोठ्या शेतात न्यावा. यात शिस्तही राहते आणि बुद्धीही मोकळी राहते.

नवे काढले की काम संपले, असाही भ्रम नसावा. मार्च २००२ मध्ये भारत सरकारने बीटी कापसास परवानगी दिली. त्या वेळी मान्यता मिळालेली पहिली वाणे जालन्याच्या महिकोचीच होती. बोंडअळीपासून सुटका झाली असे तेव्हा अनेकांस वाटले. परंतु अळीही स्वस्थ बसली नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे अतोनात नुकसान केले. तिचा बंदोबस्त आता एकट्या बियाण्यावर सोपवून भागत नाही. कामगंध सापळे लावणे, पिकाची फरदड न घेणे, पऱ्हाट्या वेळेवर नष्ट करणे, ही कामे गावोगावच्या हातांनीच व्हावयाची आहेत. बोंड फोडून आत पाहणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले पाहिजे आणि प्रयोगशाळेचे म्हणणे त्याच्यापर्यंत. जालन्यानजीक खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी आणि तज्ज्ञ यांना एकत्र बसविणाऱ्या मासिक चर्चासत्राची प्रथा रुजली, ती या दृष्टीने मोलाची आहे. आपल्या कचेरीत महिन्यातून एकदा सर्वांनी, शिपायापासून साहेबापर्यंत, एका चटईवर बसून "या महिन्यात काम कोठे अडले" एवढाच प्रश्न विचारावयाचा ठरविला, तर त्यास खर्च काहीच येत नाही.

शेवटी एक गोष्ट घरासंबंधी. कामाच्या ठिकाणी जी माणसे येतात ती घरातून आणि शाळेतून घडून येतात. "असे का?" म्हणून विचारणाऱ्या मुलास "गप्प बैस" हे उत्तर ज्या घरात मिळते, त्या घरातून पंचवीस वर्षांनी एक मुकाट कारकून बाहेर पडतो, आणि तोच पुढे साहेब झाला म्हणजे आपल्या हाताखालच्यांना तेच उत्तर देतो. स्वयंपाकघरातील सून भांड्यांची मांडणी बदलू पाहते, घरकामाची बाई केरसुणी धरण्याची निराळी रीत सुचविते, मुलगा अभ्यासाची वेळ बदलून मागतो. या लहानसहान प्रसंगी घरातील वडीलधारी मंडळी काय उत्तर देतात, त्यावर उद्याच्या कारखान्याचे भवितव्य ठरत असते.

कापसाच्या शेतात खूण केलेली कळी रात्रभर झाकलेली असते. सकाळी तिच्याकडे कोणी परतले नाही, तर ती सुकून गळून पडते. सुचलेल्या कल्पनेचेही तसेच असते. कालच्या दिवशी कोणी हाताखालच्या माणसाने काही सुचविले असेल आणि "पाहू" म्हणून ते बाजूला राहिले असेल, तर उद्या सकाळी कामावर जाताच त्याला बोलावून पुन्हा विचारावे.